टी. नरसीपूरला मी टाकी रिकामी केली

चहा आधी संपवा, मग सांगते. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता, आणि तिच्या पांढऱ्या साडीवरचा डाग अजून गेलेला नाही.

सांगायला तोंड नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, असा एखादा तरी गाढवपणा प्रत्येकाच्या नावावर असतो. माझा म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला झाला. भरदिवसा, देवाच्या दारात, भरल्या पंगतीसमोर!

आधी आमच्या गाडीबद्दल सांगते. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, निवृत्त झाल्यावर फिरतं घर हवं होतं. जुनी प्रवासी व्हॅन घेतली आणि हिनकलच्या एका वर्कशॉपमध्ये तिचं घर करून घेतलं. आत पलंग, ओटा, सिंक, एवढंसं न्हाणीघर आणि संडास. आमचं म्हैसूरमधलं राहतं घर बांधायलासुद्धा एवढी भांडणं झाली नव्हती.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. गाडी त्याने चालवायची, टाक्या मी सांभाळायच्या. का? अहो, मी जन्मभर नोकरी कसली केली? कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करायची! लग्नकार्यात ओळख करून देताना लोक म्हणतात, "ह्या डॉक्टर, ह्या प्राध्यापिका." माझी वेळ आली की, "आणि ह्या... सांडपाणी." तेव्हा टाक्यांच्या बाबतीत मला कोण शिकवणार?

तर टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, ती नळांना जाते. दुसरीत सिंकचं आणि आंघोळीचं पाणी साठतं. तिसरी संडासाची. गाडीच्या पोटाखाली तिघींचे तीन कॉक, शेजारी शेजारी, आणि तिन्हींची तोंडं एकाच मापाची. ओळखायला मी स्वतः रंगीत फिती बांधल्या होत्या. हिरवी चांगल्या पाण्याला, पिवळी सिंकच्या पाण्याला, लाल संडासाला. संडासाच्या टाकीत दर फेरीला मी जिवाणूंची पूडही टाकायची. ही पूड मैल्याचं पाणी करते आणि वास घालवते. ह्या विषयावर मी अविनाशला एवढी व्याख्यानं दिली होती, की तो संडासात जाताना "जिवाणूंना काही निरोप?" असं विचारायचा.

त्या दिवशी आमच्याबरोबर आमचे स्नेही केशवराव आणि त्यांच्या थोरल्या बहीण अक्का होत्या. केशवरावांचं देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे, घरात मराठी, पण अशी मराठी की दर तिसरा शब्द कन्नड. विठ्ठलाचे मोठे भक्त. त्यांच्या मंडळींचं वर्षातून एकदा टी. नरसीपूरला, दोन नद्यांच्या संगमाजवळच्या एका छत्रात भजन आणि जेवण असतं. छत्र म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. अक्का म्हणाल्या, "सुनीता, तुमची घरगाडी आहे की ग! आम्हाला घेऊन चल. वाटेत पाय पसरून झोपतो."

आम्ही नुकतेच कूर्गहून आलो होतो. संडासाची टाकी भरत आली होती, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गाडीचा पाइप बघितला तरी नाकाला रुमाल लावतात. म्हणून मी आधीच छत्राच्या मॅनेजरना फोन करून विचारलं. भला माणूस. म्हणाले, "मागे संडासांचा चेंबर आहे, त्यात सोडा मेडम, काही अडचण नाही."

पोचलो. अविनाश आणि केशवराव संगम बघायला घाटावर गेले, अक्का देवाची मांडामांड करायला आत गेल्या. मी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडीमागे गेले.

जुना पाइप फाटला होता, म्हणून आदल्याच दिवशी देवराज मोहल्ल्यातून नवा कोरा आणला होता. नवा पाइप सांध्याशी गळतो का, ते आधी बघावं, ही माझी शिस्त. तेव्हा पाइप लाल फितीच्या कॉकला जोडला, त्याचं दुसरं टोक एका धुतलेल्या बादलीत ठेवलं, श्वास रोखला आणि कॉक किंचित फिरवला.

पाणी आलं.

आणि काय पाणी म्हणून सांगू! काचेसारखं! तळ दिसतोय बादलीचा! मी भीत भीत फडकं खाली केलं. वास? नाही! पुन्हा हुंगलं. काही म्हणजे काही नाही!

शहाण्या माणसाच्या मनात अशा वेळी शंका येते. माझ्या मनात काय आलं असेल? पेटंट! खरं सांगते, माझे डोळे भरून आले. उभा जन्म मोठमोठ्या यंत्रांनी जे जमलं नाही, ते माझ्या जिवाणूंनी व्हॅनच्या पोटात करून दाखवलं होतं! आधी कोणाला दाखवू? अविनाशला! जिवाणूंना निरोप विचारतो काय!

मी कॉक बंद केला, हातमोजे फेकले आणि घाटाकडे धावले. बादली आणि पाइप तिथेच.

"अविनाश! चल आधी! चमत्कार झालाय!"

"कसला?"

"संडासाच्या टाकीतून शुद्ध पाणी आलंय!"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "ऊन लागलंय का तुला?"

"चल तर!"

केशवराव मध्येच म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी स्वल्प नमस्कार करून येतो." देवाचीच कृपा, त्यांना पूर्ण वाक्य ऐकू आलं नव्हतं.

आम्ही परत आलो आणि बघतो तर काय!

गाडीमागे बायकांची रांग. डोक्याएवढी पातेली, घागरी, कळशा. आणि सगळ्यांच्या पुढे, माझा पाइप हातात घेऊन, पदर खोचून उभी जयम्मा. ही तिथली मुख्य स्वयंपाकीण. सकाळीच छत्राची मोटार जळाली होती, नळ कोरडे पडले होते, आणि नदीवरून पाणी चढवून चढवून बायका टेकीला आल्या होत्या. तेवढ्यात जयम्माला बादलीभर स्वच्छ पाणी दिसलं, पाइप दिसला, कॉक दिसला. आणखी काय हवं? माझ्यादेखत शेवटची घागर भरली, पाइपाला एक उचकी लागली आणि पाणी संपलं.

"बेडा! बेडा!" मी ओरडले. बेडा म्हणजे नको. एवढं कन्नड मला येतं. महाराष्ट्रातून येऊन मी इथे केस पांढरे केले, पण माझं कन्नड भाजीबाजाराच्या पुढे गेलेलं नाही. अविनाशचं तर भाजीपर्यंतही पोचलेलं नाही.

जयम्मा हसली. तिला वाटलं, मी संकोचाने म्हणतेय.

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. "वेस्ट! वेस्ट नीरु!" म्हणजे सांडपाणी आहे, बाई!

तिने जोरात मान हलवली. "हौदु मेडम! वेस्ट आग्तित्तु! अदक्के तगोंडे!" म्हणजे, होय ना, वाया चाललं होतं, म्हणूनच तर घेतलं!

आता? घाण, घाणेरडं, ह्याला कन्नडमध्ये काय म्हणतात? मला माहीत होतं हो! अगदी जिभेच्या टोकावर होतं! 'को'वरून काहीतरी. कोळ... कोळ...

"कोळद नीरु!" मी विजयाने ओरडले. "कोळद! कोळद नीरु, जयम्मा!"

शब्द होता 'कोळकु'. कोळकु म्हणजे घाण. आणि 'कोळ' म्हणजे काय, माहीत आहे? देवळापुढची पुष्करणी! मी ऐन दुपारी छातीठोकपणे जाहीर केलं होतं, की माझ्या गाडीत देवाच्या कुंडाचं पाणी आहे!

जयम्माचे डोळे विस्फारले. तिने आधी पाइप खाली ठेवला, मग चपला काढल्या आणि पातेल्याला हात जोडले. "याव कोळा, मेडम?" कुठलं कुंड?

मला वाटलं, ती विचारतेय, खरंच का? मी म्हटलं, "हौदु! हौदु!"

झालं! बायकांनी ओंजळीत घेऊन ते पाणी डोळ्यांना लावलं. एकीने आपल्या म्हाताऱ्या सासूला हाक मारून तिच्या डोक्यावर शिंपडलं. म्हातारी धन्य झाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले, तशी ती आणखी पुढे आली. मी पातेलं उलथायला गेले, तर त्यांना वाटलं मी उचलू लागतेय. दोघींनी प्रेमाने माझे हात धरून मला बाजूला केलं, आणि पातेली वाजतगाजत स्वयंपाकघरात गेली.

"अविनाश, काहीतरी कर!"

"काय करू? ती तुझी टाकी आहे."

मी स्वयंपाकघरात धावले. चुलाणावर भल्या मोठ्या हंड्यात पाणी चढलेलं. बाजूला तांदूळ धुऊन तयार. मी चुलाणापुढे हात पसरून उभी राहिले. जयम्माने मला पाट दिला, वर हातात पंखा दिला. तिला वाटलं, मला उकडतंय.

केशवरावांना गाठायला हवं होतं. ते परतले होते, पण आता हॉलमध्ये टाळ घेऊन डोळे मिटून भजनात उभे. मी खांद्याला हात लावला.

"केशवराव, एक मिनिट, फार गंभीर आहे—"

"सुम्ने बसा सुनीताबाई, स्वल्प देवाचं ऐका." सुम्ने म्हणजे गप्प. डोळे काही उघडले नाहीत.

अक्का! अक्का दाराशीच भेटल्या. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "काय ग, सांगितलं नाहीस! जयम्मा म्हणते, तू कोळाचं पाणी आणलंस! मला वाटेत एक शब्द बोलली नाहीस की ग!" आणि हातातल्या तांब्यातून त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं आणि मग माझ्या.

सांगा ना, तुम्ही काय सांगितलं असतंत? "अक्का, तुम्ही डोक्यावर घेतलंय, ते आमच्या कूर्गच्या ट्रिपचं आहे?" सत्तरी ओलांडलेली बाई! सकाळपासून उपाशी! मी नुसती "अक्का... ते... पाणी..." एवढंच म्हणत राहिले.

"कळलं ग कळलं," त्या म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी आलं बघ तुझ्या. भक्ती लागते त्याला." आणि गेल्या आत.

मी गाडीच्या पायरीवर बसले. उकळलं तर जंतू मरतात, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, सुनीता, जंतू मरतील, पण लोक काय खातायत ते बदलणार आहे का? आणि कोणी आजारी पडलं तर? ती म्हातारी? ती कडेवरची पोरं?

भजन थांबलं. केळीची पानं मांडल्याचा आवाज आला. भात आला, हुळी आली, म्हणजे त्यांच्याकडची सांबारासारखी आमटी. पायस आलं.

"अविनाश, मी सांगणार आहे सगळ्यांना."

"सांग," तो म्हणाला. "मीही येतो. आधी हात धुतो, त्या पाइपाला हात लागलाय माझा."

"तुला हात धुवायचं सुचतंय!"

तो गाडीत शिरला. मी हॉलच्या दाराशी गेले. दोन्ही बाजूंना पंगती बसलेल्या. पायस वाढून झालेलं. केशवराव यजमान म्हणून मध्ये उभे, हात जोडून, पुंडलीक वरदा म्हणायला तोंड उघडलेलं. त्यांचा जयजयकार झाला, की पहिला घास. जयम्मा कोपऱ्यातून कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

"थांबा!" मी किंचाळले. "कोणी जेवू नका! एक घास खाऊ नका!"

हात पानावर तसेच. कुठलं तरी पोर रडायचं थांबलं.

"काय झालं, सुनीताबाई?" केशवरावांनी विचारलं.

"हे पाणी... हा स्वयंपाक... केशवराव, ज्या पाण्यात हे शिजवलंय ना, ते..." अख्खी पंगत माझ्याकडे बघत होती आणि मला शब्द सापडत नव्हता. मराठीतही नाही!

तेवढ्यात मागून अविनाश धावत आला. हाताला साबणाचा फेस. कोपरापर्यंत.

"सुनीता! आपल्या नळाला पाणी नाही!"

"अरे, ही काय वेळ आहे का—"

"ऐक तर! साबणापुरतं आलं, मग एक थेंब नाही! आतला काटा बघितला मी. चांगल्या पाण्याची टाकी ठणठणीत रिकामी. आणि संडासाची होती तशीच आहे. काठोकाठ!"

माझ्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. मागच्या आठवड्यात वर्कशॉपवाल्यांनी गाडीच्या पोटाला गंजाचा काळा रंग मारला होता. त्यासाठी फिती काढल्या होत्या. पुन्हा कोणी बांधल्या? मी! कशा? गाडीखाली उताणी सरकून! आणि एरवी मी गाडीकडे तोंड करून उकिडवी बसते. उताणं पडून डोकं आत घातलं, की डावं ते उजवं होतं, बाई! लाल फीत मी चांगल्या पाण्याच्या कॉकला बांधली होती!

म्हणजे ते पाणी... सकाळीच घरून भरलेलं, आमच्या फिल्टरचं, पिण्याचं पाणी!

"नक्की? नीट बघितलंस?"

"दोनदा! आणि वरून झाकण उघडूनही बघितलं," तो म्हणाला. "ती टाकी भरलेलीच आहे, हे मी आता कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन."

पाइप कोरा होता. बादली धुतलेली होती. अहो, तो आनंद तुम्हाला कसा सांगू! मुलगी दहावीत पहिली आली, तेव्हा झाला नव्हता, घराच्या शेवटच्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा झाला नव्हता. मी हसत होते, रडत होते, खांब धरून उभी होते. समोर पंगत ताटकळलेली, पानातला भात निवत चाललेला. त्यांना आधी मोकळं करायला हवं होतं ना? मी दोन्ही हात वर केले आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून, ह्या वेळी अगदी शुद्ध, स्वच्छ, खणखणीत मराठीत ओरडले:

"आमची संडासाची टाकी भरलेली आहे! काठोकाठ भरलेली आहे! जेवा आता! सगळ्यांनी पोटभर जेवा!"

अविनाशने फेसाळ हातानेच कपाळ धरलं.

केशवरावांनी जोडलेले हात हळूच सोडले, पानावरच्या पायसाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अतिशय आदराने म्हणाले,

"सुनीताबाई, आमच्यात जेवायच्या आधी 'पुंडलीक वरदा' म्हणतात. तुमच्या महाराष्ट्रात हे म्हणतात होय?"